गणिताचं मंडळ

‘एक ते शंभर या संख्यांपैकी किती संख्यांच्या विभाजकांची संख्या विषम असते?’ फळ्यावर प्रश्न आणि खाली पाच पर्याय : ९, ११, ५०, ५१ आणि ‘यांपैकी एकही नाही’. गुरुवारची दुपार, शाळा सुटून अर्धा तास झालेला. वर्गात पंचविसेक मुलं. काही बाकांवर, काही टेबलांवर चढून बसलेली, एक तर चक्क जमिनीवर आडवा. चिप्सची पिशवी हातोहात फिरतेय. ‘एकावन्न’ असं कुणीतरी म्हणतं आणि बाकीचे त्याची हुर्यो उडवतात. मागच्या कोपऱ्यातून एक मुलगी वहीतून डोकं वर न काढता एवढंच म्हणते, ‘नोटा.’

तिचं बरोबर आहे. विभाजक जोडीनं येतात. बाराचे घ्या : एक नि बारा, दोन नि सहा, तीन नि चार. जोड्याच जोड्या, म्हणजे एकूण सम. जोडीदार नसलेला विभाजक फक्त वर्गसंख्येत सापडतो, कारण सहा गुणिले सहा म्हणजे छत्तीस, तिथं सहाची जोडी सहाशीच. एक ते शंभरात वर्गसंख्या दहा. आणि दहा हा पर्यायच दिलेला नाही. नऊ ठेवलाय तो १ ही वर्गसंख्या विसरणाऱ्यांसाठी, अकरा ठेवलाय तो मोजायला शून्यापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी. प्रश्न काढणाऱ्यानं मुलांच्या चुका आधीच ओळखून त्यांच्यासाठी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. ‘नोटा’ आपल्या मतदानयंत्रावर २०१३ साली आला. या मुलांना मात्र तो गणितामुळे माहीत आहे, आणि मतदानाचं वय व्हायला त्यांना अजून अवकाश आहे.

या अंकासाठी संपादकांनी ‘मंडळं’ हा विषय दिला, तेव्हा मी बहिणीकडे फ्लोरिडात होते. गणेश मंडळ, भजनी मंडळ, महिला मंडळ हे विषय इतरांनी केव्हाच पळवले असणार, याची खात्री होती. बहिणीच्या शेजारी राहणाऱ्या नाशिकच्या बाईंचा मुलगा दहावीत. त्याच्या शर्टावर तीन ग्रीक अक्षरं पाहिली : म्यू, आल्फा, थीटा. एकत्र वाचली की ‘मॅथ’. ‘मावशी, ही गणिताची ऑनर सोसायटी आहे,’ तो म्हणाला. मग त्याच्या आईनं स्वयंपाकघरातून पुस्ती जोडली : ‘ऑनर वगैरे ठीक आहे हो ताई, मला एवढंच माहितीय की याच्यामुळे आमचा एकही शनिवार घरी जात नाही.’ मंडळाची याहून चोख ओळख मला पुढं कुणी करून दिली नाही. सुरुवातीचा गुरुवारचा वर्ग याच मंडळाचा, त्या मुलाच्या शाळेतला.

क्लबाचं झालं ‘ऑनर’

अमेरिकेत गुणवान विद्यार्थ्यांना ग्रीक अक्षरांखाली गोळा करण्याची रीत देशाच्या जन्माइतकी जुनी आहे. फाय बीटा कॅपा ही संस्था १७७६ साली व्हर्जिनियात निघाली. तिच्या धर्तीवर विषयवार संस्था निघत गेल्या. गणितासाठी १९१४ साली सिरॅक्यूज विद्यापीठात पाय म्यू एप्सिलॉन, १९३१ साली ओक्लाहोमातल्या तालेक्वा या छोट्या गावातल्या शिक्षक-महाविद्यालयात कॅपा म्यू एप्सिलॉन. या दोन्ही पदवीच्या विद्यार्थ्यांच्या. शाळकरी मुलांसाठी गणितापुरतं असं काही नव्हतं. सर्व विषयांत हुशार असलेल्या मुलांसाठी नॅशनल ऑनर सोसायटी १९२१ पासून होती, पण तिथं गणिताचं वेड असणं पुरेसं नसे, सगळीकडे नीटनेटकं असावं लागे.

ओक्लाहोमा विद्यापीठात गणित शिकवणारे रिचर्ड आंद्रे आणि त्यांच्या पत्नी जोसेफिन यांनी १९५७ साली नॉर्मन या विद्यापीठाच्या गावी म्यू आल्फा थीटा सुरू केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुत्निक पृथ्वीभोवती फिरू लागला आणि अमेरिकेला एकाएकी आपल्या शाळांतल्या गणिताची काळजी वाटायला लागली. पुढच्याच वर्षी गणित-विज्ञानाच्या शिक्षणासाठी सरकारी पैसा मोकळा करणारा कायदा झाला. असं वारं असताना शाळाशाळांत शाखा फुटायला वेळ लागला नाही. संस्थेचं मुख्य कार्यालय आजही नॉर्मनलाच आहे, शाखा मात्र हजारोंनी झाल्या आहेत.

आरंभी या संस्थेनं स्वतःची ओळख हायस्कूल आणि ज्युनिअर कॉलेजांचा गणित क्लब अशी करून दिली होती. क्लब म्हणजे जमायची जागा, ऑनर म्हणजे छातीवर लावायचं काहीतरी. संस्था दोन्ही आहे, आणि तिच्यातली जवळपास प्रत्येक कुरबुर या दोहोंच्या ओढाताणीतून येते, असं माझं मत होत गेलं.

ऑनरची बाजू पटकन सांगून टाकते, कारण ती तितकीशी रसाळ नाही. सभासदत्वाची फी एकदाच भरायची, दहा-पंधरा डॉलर, शिवाय शाखेची काय असेल ती. मग एका संध्याकाळी समारंभ, मेणबत्त्या, शपथेसारखं काहीतरी, प्रमाणपत्र. बारावीच्या निरोप समारंभात गाऊनवर गळ्यात घालायचे रंगीत गोंडे. कॉलेजच्या अर्जात एक ओळ. मी पाहिलेल्या शाळेत गणिताची, विज्ञानाची, इंग्रजीची, स्पॅनिशची, संगीताची अशा कितीतरी ऑनर सोसायट्या होत्या. एका मुलीच्या मोठ्या बहिणीचा पदवीदान समारंभाचा फोटो पाहिला, तर गोंड्यांच्या गर्दीत गाऊन दिसत नव्हता. ‘यातल्या निम्म्या ठिकाणी ती फक्त फोटो काढायला गेली,’ धाकटीनं सांगून टाकलं. आपल्याकडच्या सत्कार समारंभांतली शालींची चवड आठवून मला परकं वाटलं नाही.

तिसरं वर्ष

आत यायचं कसं? नियम सरळ वाटतो. कॉलेजच्या तयारीचं दोन वर्षांचं गणित झालेलं हवं, तिसऱ्या वर्षाचं झालेलं किंवा चालू हवं, आणि गणिताची सरासरी चारपैकी किमान तीन. शाखेला वाटलं तर ती आपली अट आणखी कडक करू शकते.

मेख ‘तिसऱ्या वर्षात’ आहे. आपल्याकडे नववी-दहावीत बीजगणित नि भूमिती एकाच वर्षी शेजारी शेजारी चालतात, भाग एक नि भाग दोन. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ती एकामागून एक येतात : एक वर्ष बीजगणित, पुढचं वर्ष भूमिती, त्यापुढचं पुन्हा वरच्या पायरीचं बीजगणित, मग कॅल्क्युलसची पूर्वतयारी, मग कॅल्क्युलस. ज्या मुलानं पहिलं बीजगणित नववीत घेतलं, तो अकरावीत तिसऱ्या वर्षाला पोचतो. ज्यानं ते सातवीत उरकलं, तो नववीत शाळेत पाऊल टाकतानाच पात्र. म्हणजे हायस्कूलच्या मंडळात कोण कधी येणार याचा निकाल बाराव्या-तेराव्या वर्षीच लागलेला असतो. तोही अनेकदा मुलाच्या बुद्धीपेक्षा पालकांना हा जिना ठाऊक होता की नाही यावर.

भारतीय घरांना जिना ठाऊक असतो. नाशिकच्या बाईंनी मुलगा पाचवीत असतानाच शाळेत जाऊन विचारलं होतं, कुठली परीक्षा दिली की वरच्या वर्गाचं गणित मिळतं. ‘आपल्याला सवय असते ना ताई, स्कॉलरशिपची परीक्षा, मग गणित प्रावीण्य, मग एनटीएस. कुठंतरी फॉर्म असणारच, हे आपल्याला उपजत कळतं.’ त्या हसत सांगत होत्या, पण त्याच शाळेत वर्षानुवर्षं कुणी फॉर्मची चौकशीच न केलेली घरंही होती. त्यांच्या मुलांपैकी काही फार उशिरा, अकरावीत, एखाद्या शिक्षकानं खांद्यावर हात ठेवला म्हणून आत आली. ज्यांची वर्षं भरलेली नाहीत त्यांना सहयोगी सभासद म्हणून घ्यायची सोय संस्थेनं ठेवली आहे. ती वापरायची की नाही हे शाखेच्या शिक्षकावर.

या शिक्षकाला इथं ‘स्पॉन्सर’ म्हणतात. पैसे देणारा असा त्याचा अर्थ नाही, उलट बरेचदा पदरचे घालणारा. माझ्या गुरुवारच्या वर्गाचे सर पन्नाशी उलटलेले, मुलं त्यांना आडनावाच्या पहिल्या अक्षरानं हाक मारतात. त्या एका तासात त्यांनी फळ्याला हात लावल्याचं मला आठवत नाही. खडू मुलांच्याच हातात. सर मागं उभे राहून गुण मांडत होते आणि मधूनच अगदी पडेल आवाजात विचारत होते, ‘नक्की?’ या एका शब्दानं दोन मुलांनी आपली उत्तरं पुसली. त्यातलं एक बरोबर होतं.

काळी वर्तुळं आणि हरकतींचं टेबल

दक्षिणेकडच्या राज्यांत, विशेषतः फ्लोरिडा आणि अलाबामात, म्यू आल्फा थीटा म्हणजे मुख्यतः स्पर्धा. बोस्टन किंवा कॅलिफोर्नियाच्या बाजूच्या गणितवेड्या मुलांचं बोलणं वेगळ्या परीक्षांभोवती फिरतं, तिथं विद्यापीठांतली गणित मंडळं जुनी आहेत. फ्लोरिडात हिवाळ्यापासून शनिवारच्या स्पर्धा सुरू होतात, वसंतात राज्याचं अधिवेशन होतं, जुलैत राष्ट्रीय.

मी गेले त्या शनिवारी सकाळी पावणेआठला यजमान शाळेच्या कॅफेटेरियात पिवळ्या बस येऊन थडकत होत्या. मुलांचे गट तीन : कॅल्क्युलसवाले म्यू, त्याखालचे आल्फा, बीजगणित-भूमितीवाले थीटा. संस्थेच्या नावाचे तुकडे करून पायऱ्या बनवल्या आहेत. वैयक्तिक परीक्षेत तीस प्रश्न, एक तास. बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक, कोरं सोडलं तर शून्य. पैकीच्या पैकी १२०.

या वजा एकाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पर्याय पाच. डोळे मिटून ठोकलं तर पाचांत एकदा चार गुण मिळणार, चारदा एकेक जाणार. बेरीज शून्य. म्हणजे नुसत्या नशिबाला इथं काही किंमत नाही. एक पर्याय खोडता आला, तर उरलेल्या चारांतून ठोकण्यात सरासरी पाव गुण फायदा. आपल्या जेईई मेनच्या बहुपर्यायी प्रश्नांना हेच अधिक चार नि वजा एक आहेत, पण पर्याय मुळातच चार. म्हणजे तिथं काहीही न वाचता ठोकणाऱ्याला परीक्षक सरासरी पाव गुण फुकट देतात. कोटाच्या वर्गांत हे शिकवतात की नाही कोण जाणे. फ्लोरिडातल्या चौदा वर्षांच्या पोरीनं मला हे पेपर नॅपकिनवर मांडून दाखवलं.

परीक्षेहून मजेदार प्रकार दुपारी. ‘सायफरिंग’मध्ये एकेक प्रश्न पडद्यावर येतो, घड्याळ चालू होतं, ज्याचं उत्तर आधी त्याला जास्त गुण. चिठ्ठी धरलेले हात वर जातात, धाकटी मुलं धावत जाऊन चिठ्ठ्या गोळा करतात. सांघिक फेऱ्यांत चौघं एका कागदावर डोकी खुपसून कुजबुजतात, आणि चौघांतलं कोण नेतृत्व करतं हे पाहत राहावं. दरवेळी सगळ्यात हुशार तोच नसतो. एका चमूत एक उंच मुलगा भराभरा उत्तरं काढत होता आणि एक ठेंगणी मुलगी त्याच्या हातून पेन काढून घेऊन ‘उणे चिन्ह’ एवढंच म्हणत होती. मोठ्या अधिवेशनांत ‘चॉक टॉक’ असतो : दिलेल्या विषयावर विद्यार्थ्यानं फळ्यापाशी उभं राहून छोटं व्याख्यान द्यायचं. तिथं वेगाचा काही उपयोग नाही.

मला सगळ्यात आवडलं ते हरकतींचं टेबल. उत्तरं भिंतीवर लागली की मुलं तिकडे धावतात. प्रश्नात ‘धन पूर्णांक’ म्हटलेलं नाही, मग ऋण का चालणार नाही? आकृती मापात नाही असं लिहिलेलं नाही. दोन पर्याय एकच आहेत. मुलानं कागदावर आपली बाजू लिहून द्यायची, पलीकडे बसलेल्या मोठ्यांनी ती वाचायची. मी उभी होते तेव्हा एका मुलाचा कागद चौघांनी आलटून पालटून वाचला, आपसांत वाद घातला, आणि मग त्यातल्या सगळ्यात तरुणानं मान हलवली. तो या शाळांतूनच गेलेला माजी विद्यार्थी, प्रश्न त्यानंच काढलेला. ‘चूक माझी. उत्तर ई,’ तो म्हणाला. मुलगा ‘थँक यू’ म्हणून निघून गेला, जणू दुकानात सुटे पैसे बरोबर करून घेतले. आपल्याकडे जेईई मेनच्या उत्तराला हरकत घ्यायची तर प्रश्नामागे दोनशे रुपये भरून ऑनलाइन अर्ज करावा लागतो आणि पलीकडे कोण बसलंय ते कधी दिसत नाही. लाखो उमेदवारांच्या परीक्षेत दुसरं काही शक्य नसेल. पण मोठ्या माणसाचं गणित चुकू शकतं आणि ते त्याच्या तोंडावर सांगता येतं, हे पंधराव्या वर्षी एकदा अनुभवलेलं मूल पुढं वेगळं वागत असेल असं मला वाटतं.

कॅफेटेरियात पालक पिझ्झाच्या खोक्यांचे ढीग रचत होते. मराठी, तेलुगू, मँडरिन, स्पॅनिश कानावर पडत होतं. तिघी आया एका कोपऱ्यात इडल्यांचा डबा उघडून बसल्या होत्या. त्यात नाशिकच्या बाई होत्याच.

बुकहोल्झचं प्रकरण

फ्लोरिडात या विषयावर कुणाशीही पाच मिनिटं बोला, गेन्सव्हिल गावच्या बुकहोल्झ हायस्कूलचं नाव निघतंच. साधी सरकारी शाळा. पण राष्ट्रीय अधिवेशनातलं पहिलं स्थान तिनं गेल्या दोन दशकांत इतक्या वेळा नेलंय की बाकीच्यांची चर्चा दुसऱ्या क्रमांकापासून सुरू होते. त्याआधी हाच दरारा अलाबामातल्या व्हेस्टाव्हिया हिल्स हायस्कूलचा होता.

बुकहोल्झच्या मागं विल फ्रेझर हे नाव आहे. हे गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये बाँडचा व्यवहार करत, पैसा मिळवून लवकर निवृत्त झाले, गोल्फ खेळायला फ्लोरिडात आले आणि शाळेत गणित शिकवायला लागले. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं २०२१ साली त्यांच्यावर लिहिलं तेव्हा देशभर बोलबाला झाला. त्यांनी काय केलं? फुटबॉलचा प्रशिक्षक करतो तेच. मुलं हायस्कूलात यायच्या आधीच हेरली, खालच्या वर्गांपासून गणिताची वाट बांधली, उन्हाळ्यात शिबिरं घेतली, सराव रोजचा केला. गाव विद्यापीठाचं असल्यामुळे घराघरांतून हुशार मुलं होतीच, पण विद्यापीठाची गावं अमेरिकेत खंडीभर आहेत आणि बुकहोल्झ एकच.

यावर दोन तऱ्हेचं बोलणं मी ऐकलं. एक कौतुकाचं. दुसरं एका स्पर्धक शाळेच्या शिक्षिकेचं : ‘आमच्या मुलांना तिसऱ्या क्रमांकाचा आनंद होतो. त्यांच्या मुलांना दुसऱ्याचं दुःख होतं. मी माझ्याच मुलांच्या बाजूनं आहे.’ हे थोडं आंबट द्राक्षांचं असेलही. पण शाळेच्या गणिताला प्रशिक्षक, सराव, जर्सी आणि जल्लोष मिळाला की मुलं झपाट्यानं कुठल्या कुठं जातात, हे बुकहोल्झनं दाखवून दिलं हे नाकारता येणार नाही. आपल्याकडे हे सगळं मिळतं, फक्त फी भरून, क्लासच्या इमारतीत. शाळेच्या इमारतीत नाही.

सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर

पुढच्या गुरुवारी सरांनी स्पर्धेचा विषयच काढला नाही. फळ्यावर एका मुलीनं लिहिलं : कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. पुन्हा तेच. कुणीतरी ३५२४ घेतली. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि आता ७६४१ वजा १४६७ केलं तर पुन्हा ६१७४. सगळ्या वह्या त्याच आकड्यावर येऊन थांबल्या. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात.

‘कापरेकर,’ ती मुलगी म्हणाली, उच्चार ‘केप्रेकार’ असा काहीतरी. नाशिकच्या बाईंचा मुलगा ताडकन उठला. ‘ते आमच्या गावचे. म्हणजे देवळालीचे. माझ्या आजोबांनी त्यांना पाहिलंय.’ वर्गाला देवळाली कुठून ठाऊक असणार, पण पोरगा एवढा फुलला की मीच गहिवरले.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळेत शिकवत. १९०५ चा जन्म, १९८६ साली गेले. हा ६१७४ चा शोध १९४९ मधला. पीएचडी नाही, विद्यापीठातलं पद नाही. सुट्टीत संख्यांशी खेळायचं, पदरमोड करून पुस्तिका छापायच्या, अधिवेशनांना जायचं. मोठे गणिती त्यांच्याकडे फारसं लक्ष देत नसत. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि देवळालीचे मास्तर जगभरच्या कोडेवेड्यांच्या ओळखीचे झाले. फ्लोरिडातल्या वर्गात पोचायला एवढी वाट पुरली.

त्या दिवशी कुणी गुण मोजले नाहीत. तीन अंकी संख्यांचं काय, पाच अंकींचं काय, असं करत मुलं साडेपाचपर्यंत बसली. तीन अंकींत ४९५ सापडला, पाच अंकींत गाडी एका आकड्यावर थांबेचना, चक्रात फिरत राहिली. ‘का?’ या प्रश्नाचं पूर्ण उत्तर कुणाकडेच नव्हतं, सरांकडेही, आणि त्यांनी तसं सांगून टाकलं.

टेबलावरचे तास

शाळेच्या वाचनालयात आठवड्यातून दोनदा एक टेबल लागतं, त्यावर हाती लिहिलेली पाटी : ‘गणितात अडलंय?’ सभासदांनी तिथं बसून इतर मुलांना फुकट शिकवायचं, हा बहुतेक शाखांचा नियम. गुणवंतांनी परोपकार करावा, अशी त्यामागची जुनी कल्पना. प्रत्यक्षात एक व्यावहारिक कारणही आहे. फ्लोरिडात ‘ब्राइट फ्युचर्स’ नावाची राज्याची शिष्यवृत्ती आहे. तिच्या सगळ्यात वरच्या पायरीसाठी सेवेचे किंवा पगारी कामाचे शंभर तास भरावे लागतात. त्यामुळे टेबलावर शिकवणारे कधी कमी पडत नाहीत. वहीवर सही घेताना मिनिटं मोजणारेही पाहिले.

म्हणून हे सगळं ढोंग म्हणावं का? मला तसं म्हणता आलं नाही. कारण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेल्या मुलाला तासांचं काही सोयरसुतक नव्हतं. त्याला अपूर्णांकांचं समीकरण सुटत नव्हतं. शिकवणारी मुलगी स्पर्धेत १००च्या वर गुण घेणारी. पहिल्यांदा तिनं दोन ओळींत सोडवून दाखवलं. त्याला कळलं नाही. दुसऱ्यांदा चार ओळींत. तिसऱ्यांदा ती थांबली, त्याला म्हणाली, ‘तू बोल, मी लिहिते.’ तो बोलत गेला आणि तिसऱ्या ओळीला त्याची स्वतःची चूक त्यालाच ऐकू आली. शंभर तासांपैकी त्या वीस मिनिटांत कुणाला जास्त मिळालं, हे सांगणं अवघड आहे.

दोन वर्षांचं कॉलेज

संस्थेच्या मूळ नावात ज्युनिअर कॉलेजही होतं. आपली ज्युनिअर कॉलेजं म्हणजे अकरावी-बारावी, तिथली बारावीनंतरची दोन वर्षं, आता बहुधा कम्युनिटी कॉलेज म्हणून ओळखली जाणारी. फी कमी, प्रवेश जवळपास सर्वांना. या कॉलेजांत म्यू आल्फा थीटाच्या शाखा तुरळक. कारण शोधायला लांब जायला नको. दुपारी साडेतीनला जमायला तिथं कुणाला वेळ नसतो. मी गेले ते गणित मदतकेंद्र संध्याकाळी सातला भरलेलं होतं. हॉटेलात रात्रपाळी करणारा एक, दोन मुलांना आजीकडे ठेवून आलेली एक, आणि साताऱ्याची एक. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथं आलेली, भारतात बी.कॉम. झालेली, आता पुन्हा त्रिकोणमितीपासून सुरुवात. ‘ताई, शाळेत असताना मी साइन-कॉसची कोष्टकं पाठ केली होती. ते वर्तुळातून येतं हे मला बत्तिसाव्या वर्षी कळलं,’ ती म्हणाली. चिडून नव्हे, एखादं गुपित सांगावं तसं.

अशा कॉलेजांच्या गणित शिक्षकांची राष्ट्रीय संघटना १९७० पासून होत आलेली एक स्पर्धा चालवते. वीस प्रश्न, एक तास, आपापल्या कॉलेजात बसून. बस नको, हॉटेल नको, शनिवार नको. साताऱ्याच्या बाईंनी ती दिली होती. नऊ प्रश्न सोडवले, आठ बरोबर. निकालाचा कागद त्यांनी फोनमध्ये फोटो काढून ठेवला होता. तिथं गोंडे नव्हते, शपथ नव्हती, आणि कुठल्या अर्जात ती ओळ लिहायची त्यांना गरजही नव्हती.

सर गेल्यावर

शाखेची सनद एकदा मिळाली की ती शाळेच्या भिंतीवर असते. शाखा मात्र शिक्षकासोबत चालते, शिक्षकासोबत थांबते. शनिवारी भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक स्पॉन्सरकडे एखादी गोष्ट होती : अमुक शाळा एकेकाळी राज्यात पहिली यायची, बाई निवृत्त झाल्या, दोन वर्षांत नाव यादीतून गेलं. वरून काही बदललेलं नसतं. समारंभ होतो, प्रमाणपत्रं येतात, गोंडे मागवले जातात. फक्त गुरुवारचा वर्ग बंद झालेला असतो.

या कामाचं वेगळं मानधन शाळा देते तेव्हा ते इतकं असतं की सांगताना शिक्षक हसतात. गणितात पदवी असलेल्या तरुणाला शाळेबाहेर मिळणारा पगार पाहता तो शाळेत येतो हेच नवल. संस्थेला याची जाण असावी. संस्थापक दांपत्याच्या नावानं ती आंद्रे पुरस्कार देते, तो गणिताचा शिक्षक व्हायचं ठरवणाऱ्या सभासदांसाठी आहे. सरांना विचारलं, तुमच्या किती मुलांनी तो मागितला? त्यांनी थोडा विचार केला. ‘एक,’ ते म्हणाले. ‘ती आता विमा कंपनीत आहे. चांगलं चाललंय तिचं.’

सर पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. मुख्याध्यापकांनी दोघांना विचारलंय. एकीनं सवड नाही म्हणून नकार दिला. दुसरा तरुण, गेल्याच वर्षी लागलेला, तयार आहे. त्यानं एकच अट घातली आहे, शनिवार नको. मुलांनी परस्पर बैठक घेऊन ठरवलं की ती अट मान्य करायची, गुरुवार त्याच्याकडे ठेवायचा आणि शनिवारच्या बससाठी पालकांतून कुणी मिळतं का पाहायचं. नाशिकच्या बाईंचं नाव यादीत सगळ्यात वर आहे. त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.